पंखांचे अभ्रे

आभाळात मोडलेलं एकच विमान आहे आमच्या घरी.
मेळ्याच्या मैदानावर बाभळीत गेलं ते,
त्याचा शार्दूलला अजून अभिमान आहे.
बाकीची सगळी जमिनीवर गेली.
एकावर दादा बसला, दुपारच्या झोपेतून उठून.
एक कपाटावरून काढताना पंख्यात सापडलं.
एकाची शेपटी उंदरानं कुरतडली,
आणि मी महिनाभर उंदराला शिव्या दिल्या;
डबा उघडा मीच ठेवला होता.

मी दौलतगंजात ब्लाउज शिवते. तेवीस वर्षं.
विमानातलं मला काही कळत नाही,
माप कळतं.
म्हटलं, आण इकडे.
टेप लावली खांद्यापासून टोकापर्यंत:
एकोणचाळीस इंच, जाडी करंगळीएवढी,
वजन म्हणाल तर रुमालात बांधलेल्या चार सुपाऱ्या.
बाल्साचं लाकूड, नुसतं नख टेकलं तरी खूण उठते.
इतक्या हलक्या अंगाचं गिऱ्हाईक
माझ्या दुकानाची पायरी कधी चढलं नव्हतं.

मग अभ्रे शिवले.
बाहेरून जुन्या रजईचं छापील कापड, आतून फ्लॅनेल,
मधे फोमचा पातळ थर,
सोफेवाल्या इक्बालभाईंनी कातरणाच्या भावात दिलेला.
दोन पंखांना दोन कप्पे, मधे पडदा,
भावंडं एका अंथरुणात घातली की लाथा मारतातच.
चेन नाही लावली. चेनला दात असतात. नाड्या लावल्या.
शार्दूल म्हणाला, आत्या, एक भोक ठेव,
उन्हात कोंडलं तर वरची पन्नी सुरकुतते.
मी एक काज केलं, समोर बटण नसलेलं.
तेवीस वर्षांत पहिल्यांदाच
नुसत्या श्वासासाठी काज.

धडाला खोका कूलरचा.
आत दोन आडवे आधार, जुन्या चपलांचे सोल कापून,
पोटाच्या गोलाईची खाच कोरून.
हवाई चपलेवर हवाई जहाज, मी म्हटलं,
आणि मीच हसले.
बॅटरी वेगळी, मोटरचं पातं वेगळं,
स्क्रू खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत, डबीवर चिकटपट्टी,
पट्टीवर त्याचं कोंबडीच्या पायांचं अक्षर:
आत्या, ही फेकू नकोस.

इंदूरला स्पर्धा होती.
रात्रीच्या गाडीत वरचा बर्थ विमानाला दिला,
आम्ही दोघं खाली, पाय पोटाशी घेऊन.
शिवपुरीला चढलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, सतार का?
मी हो म्हटलं.
विमान म्हटलं असतं तर उघडून दाखवावं लागलं असतं.
तरी त्यांनी आपला गजकचा डबा
खोक्याला खेटून ठेवलाच.
म्हणाले, हीसुद्धा तुटणारी चीज आहे, सोबत होईल.
गुण्यानंतर गाडीनं असा हिसका दिला
की मी झोपेत वर हात केला, आणि त्यांनीही.
सकाळी गजक मोडलेली निघाली.
त्यांनी आम्हालाही वाटली, चुरा चुरा.

शार्दूल सातवा आला.
सव्वादोन मिनिटं उडालं.
सव्वादोन मिनिटांसाठी
वर्षभर न मोडता पडून राहायचं असतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता ते माझ्या मशीनशेजारी असतं, भिंतीला लागून,
पंख्यापासून, दादापासून दूर.
महाराजपुऱ्याची खरी विमानं सकाळी निघतात,
खिडकीच्या काचा वाजतात,
कात्री टेबलावरून एक बोट सरकते.
आधी मी कान झाकायचे.
परवा ती आली तेव्हा नाडी अर्धीच बांधली होती.
माझे दोन्ही हात आपसूक
पंखावर पालथे पडले,
आणि आवाज किल्ल्यापलीकडे जाईपर्यंत
मी तशीच उभी, तोंडात सुई धरून.

शार्दूल दारातून बघत होता.
म्हणाला, दाबू नकोस.